जमिनीखालचा बंब

दापोलीला सुट्टीसाठी आलेल्या माणसाची गाडी सहसा पश्चिमेकडे वळते. मुरूड, कर्दे, लाडघर, हर्णै, आंजर्लं. समुद्र, सुरमई, सोलकढी आणि रविवारी संध्याकाळी परतताना घाटातली गाड्यांची रांग. पण गुडघ्याला हात लावून जिना चढणारा पाहुणा दिसला, की दापोलीकर त्याला उलट्या दिशेला पाठवतो. आग्नेयेला, जगबुडी-वाशिष्ठीच्या खाडीच्या अंगाला, उन्हवरे गावी. तिथे बारमाही कढत पाणी जमिनीतून वर येतं. कोकणपट्टीतल्या सर्वांत गरम झऱ्यांत उन्हवऱ्याची गणना होते आणि उगमाजवळ पाण्याचं तापमान ७० अंशांच्या घरात असतं. त्यामुळे उगमाच्या पाण्यात कोणी उतरत नाही. ते निवत निवत जिथे अंगाला सोसेल इतकं होतं, तिथे बायका आणि पुरुष वेगवेगळ्या कुंडांत अंघोळीला बसतात.

कुंडात बसलेल्यांची चर्चा थोड्याच वेळात एका प्रश्नावर येते. हे पाणी तापवतं कोण? लाकूडफाटा नाही, वीज नाही, जवळपास कुठे डोंगर धुमसताना दिसत नाही. शिवाय मे महिन्यात आणि श्रावणात, दिवसा आणि रात्री, झऱ्याची धग बहुतेक तेवढीच. अशा झऱ्यापासून थोड्या अंतरावर विहीर खणली तर पाणी मात्र गार लागतं.

कुंडावर याची दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, खाली गंधक आहे. दोन, खाली ज्वालामुखी आहे. दोन्ही उत्तरं ठामपणे दिली जातात आणि दोन्ही चूक आहेत.

गंधकाची काडी पेटत नाही

गंधकावर आळ येतो तो वासामुळे. कुंडाजवळ गेलं की सडक्या अंड्यासारखा दर्प नाकात शिरतो आणि माणूस लगेच निष्कर्ष काढतो. हा वास हायड्रोजन सल्फाइड नावाच्या वायूचा. पाण्यात विरघळलेल्या गंधकाच्या क्षारांवर खोल अंधारात, प्राणवायू नसलेल्या जागी, काही जिवाणू जगतात. त्यांच्या उद्योगातूनही हा वायू तयार होतो आणि गरम खडकांशी पाण्याची जी देवाणघेवाण चालते तिच्यातूनही होतो. माणसाचं नाक या वायूच्या बाबतीत फार तिखट आहे. हवेच्या अब्जावधी कणांत त्याचे मोजके कण असले तरी आपल्याला पत्ता लागतो. म्हणजे वास जबरदस्त, पण माल नगण्य. एवढ्याशा गंधकाने पिंपभर पाणी कोमटसुद्धा होणार नाही. तिथे तर वर्षानुवर्षं अखंड धार चाललेली आहे. पाणी गरम असल्यामुळे ते खडकातून गंधकाचे क्षार घेऊन येतं. कुंडावरच्या चर्चेत कार्य आणि कारण यांची अदलाबदल झालेली असते, इतकंच.

ज्वालामुखीचं उत्तर ऐकायला जास्त भारदस्त आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. सह्याद्रीचा काळा कातळ खरोखरच लाव्ह्याचा. एकावर एक थर ओतत तो पसरला आणि त्यातूनच दख्खनचं पठार उभं राहिलं. पण ही गोष्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. तो लाव्हा केव्हाच निवला. त्याच्या आचेवर आज पाणी तापतंय असं म्हणणं म्हणजे कालगणनेशी खेळ आहे. आइसलँडमध्ये किंवा जपानमध्ये जिवंत ज्वालामुखींच्या कुशीत गरम झरे आहेत, तिथे ते उत्तर चालतं. कोकणात नाही.

बंबात पाणी ओतणारा पाऊस

मग आच कशाची? पृथ्वीची स्वतःची. जमिनीत जसजसं खोल जावं तसतसा खडक गरम होत जातो. साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. ही उष्णता काही प्रमाणात पृथ्वीच्या जन्मापासून आत कोंडलेली आहे आणि उरलेली खडकांतल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सारातून सतत तयार होते आहे. हे दापोलीच्या खाली घडतं, तसंच सोलापूरच्या आणि नागपूरच्याही खाली घडतं. म्हणजे विस्तव सगळीकडे आहे. झरे मात्र मोजक्याच ठिकाणी आहेत. खरं कोडं हे आहे.

ते सोडवायला कोकणातल्या जुन्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवावा. मधे निखाऱ्यांची नळी, तिच्याभोवती पाणी. एका बाजूला नरसाळ्यासारखं तोंड, दुसऱ्या बाजूला तोटी. नारळाची सोडणं आणि करवंट्या घालून बंब पेटवला, पाणी कढलं, तरी तोटीतून आपोआप काही येत नाही. वरच्या तोंडातून गार पाण्याचा तांब्या ओतला, की ते पाणी नळीने तळाशी जातं आणि तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर ढकललं जातं. ओतलं तर मिळतं. पाणी गरम व्हायला विस्तव लागतो, पण ते बाहेर यायला तीन गोष्टी लागतात: वरून ओतणारा, तळापर्यंत नेणारी वाट आणि बाहेर काढणारी तोटी.

कोकणात ओतणारा पाऊस आहे, आणि तो हात आखडता घेत नाही. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावर तर त्याहून कितीतरी जास्त. यातलं बहुतेक पाणी नद्या-वहाळांनी दोन-चार दिवसांत समुद्र गाठतं. पण थोडा वाटा कातळातल्या भेगांत शिरतो आणि खाली उतरत राहतो.

ही भेगांची वाट आली कुठून, याची कथा मोठी आहे. हिंदुस्थानचा पश्चिम किनारा म्हणजे एक तुटलेली कड आहे. लाव्ह्याच्या त्या उलथापालथीच्याच काळात सेशेल्स बेटांचा भूभाग आपल्यापासून फाटून दूर गेला. त्या ताणात किनारपट्टीचा कातळ उत्तर-दक्षिण रेषेत चिरला, वाकला, काही ठिकाणी खचला. कोकणातले गरम झरे नकाशावर खुणा करून पाहिले तर ते इतस्ततः विखुरलेले दिसत नाहीत. पालघर जिल्ह्यात सातिवली, ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, रायगडात पालीजवळचं उन्हेरे आणि महाडजवळचं सव, मग उन्हवरे, पुढे संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ, राजवाडी, आणि राजापूरजवळचं उन्हाळे. सुमारे ३०० किलोमीटर लांबीच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात हे सगळे ओळीने बसलेले आहेत. जमिनीखालची चीर डोळ्यांना दिसत नाही, पण झऱ्यांच्या ओळीवरून ती कुठून गेली असेल ते सांगता येतं.

तोटीची जागाही ठरलेली. ओतलेलं पाणी डोंगराच्या बाजूला उंचावर, म्हणून त्याचा भार जास्त. बाहेर पडायचं तर जिथे जमीन सर्वांत सखल तिथून. म्हणून बहुतेक झरे नदीच्या किंवा खाडीच्या काठी सापडतात. अकलोलीचे तानसेच्या, सवचे सावित्रीच्या, राजापूरच्या उन्हाळ्याचे अर्जुनेच्या काठी आणि उन्हवऱ्याचा खाडीच्या बाजूला. भाराला मदत म्हणून आणखी एक साधी गोष्ट: तापलेलं पाणी गार पाण्यापेक्षा हलकं. उतरणारा खांब जड, चढणारा हलका; एकदा चक्र सुरू झालं की ते चालू राहतं.

चढण्याच्या वेगालाही महत्त्व आहे. पाणी रेंगाळत वर आलं तर वाटेतल्या गार खडकांना उष्णता देत देत वर पोचेपर्यंत ते विहिरीच्या पाण्यासारखंच झालेलं असतं. असं कितीतरी निवलेलं पाणी आपल्या विहिरींत मिसळत असेल, आपल्याला पत्ताही लागत नसेल. मोठी, मोकळी चीर असेल आणि पाणी घाईने चढलं, तरच कुंडावर वाफ दिसते.

किती खोल? हिशोब करून पाहू

कोकणात जमिनीच्या वरच्या थरातलं पाणी वर्षभर साधारण २७ अंशांचं. उन्हवऱ्याला ते ७० अंशांचं होऊन येतं. म्हणजे ४३ अंश वाढले. किलोमीटरला ३० अंश धरले तर हे पाणी निदान दीड किलोमीटर खोल जाऊन आलेलं आहे. निदान म्हटलं, कारण वर येताना ते काही उष्णता गमावतं. खाली ते याहून जास्त तापलेलं असणार.

किती जास्त, हे पाणीच सांगतं. खडकात सिलिका असते, म्हणजे वाळूचा मुख्य घटक. पाणी जितकं गरम, तितकी सिलिका त्यात जास्त विरघळते. पाणी वर येताना निवतं, पण विरघळलेली सिलिका लगेच सोडत नाही. म्हणून झऱ्याच्या पाण्यातली सिलिका मोजली, की ते तळाशी किती तापलं होतं याचा अंदाज बांधता येतो. कोकणातल्या झऱ्यांसाठी अशा पद्धतींनी काढलेले अंदाज १०० ते १५० अंशांच्या दरम्यान येतात. शंभराच्या वर गेलेलं पाणी खाली उकळत कसं नाही, असा प्रश्न पडेल. दाबामुळे. एक किलोमीटर खोलीवर पाण्यावर वातावरणाच्या सुमारे शंभरपट दाब असतो आणि तिथे ३०० अंशांनाही पाणी उकळत नाही.

झऱ्यांच्या पट्ट्यात मुद्दाम घेतलेल्या भोकांमध्ये उष्णतावाढीचा दर किलोमीटरला ५० अंशांच्या आसपास भरला आहे. याचा अर्थ खाली जादा विस्तव आहे असाच होतो असं नाही. वर चढणारं गरम पाणी भोवतालचा खडक तापवतं आणि आकडा वाढतो. एकूण गोळाबेरीज अशी, की आपलं कुंडातलं पाणी दोन ते चार किलोमीटर खोल जाऊन आलेलं असावं. एवढ्या खोलीवर सह्याद्रीचा काळा कातळही संपतो. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे इथे तीन किलोमीटर खोल भोक घेतलं गेलं. तिथे सुमारे सव्वा किलोमीटरनंतर लाव्ह्याचे थर संपून जुना ग्रॅनाइटी खडक लागला. गरम झऱ्यांचं पाणी अशाच खालच्या, लाव्ह्याहून कितीतरी जुन्या खडकांच्या भेटीला जाऊन येत असणार.

बुडबुडे येतात म्हणजे उकळतं का?

उगमाशी तळातून बुडबुड्यांच्या माळा वर येताना दिसतात आणि लहान मुलं “उकळतंय, उकळतंय” म्हणून ओरडतात. सत्तर अंशांना पाणी उकळत नाही. ते बुडबुडे वाफेचे नव्हेत, वायूचे आहेत आणि त्यांत मुख्यतः नायट्रोजन असतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा पुरावा हाच.

पावसाचा थेंब हवेतून पडतो तेव्हा हवा विरघळवून घेतो. हवेत नायट्रोजन आणि प्राणवायू. जमिनीत उतरल्यावर प्राणवायू खडकातल्या लोहाशी आणि इतर द्रव्यांशी संयोग पावून संपून जातो. नायट्रोजन आळशी, तो कोणाच्या अध्यात ना मध्यात. तो पाण्यासोबत खाली जातो, तापतो आणि वर येताना दाब कमी झाला की सुटा होऊन बुडबुड्यांत बाहेर पडतो. म्हणजे कुंडातला बुडबुडा ही कधीकाळी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाने सोबत नेलेली हवा आहे, प्राणवायू वजा जाता. पाणी पावसाचंच आहे, पृथ्वीच्या पोटात नव्याने तयार झालेलं नाही, हे पाण्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या जड अणूंचं प्रमाण मोजूनही दिसून आलं आहे.

नायट्रोजनबरोबर थोडा हेलियमही येतो. तो मात्र हवेतला नव्हे. खडकातलं युरेनियम आणि थोरियम फुटताना तो तयार होतो. म्हणजे पाणी ज्या विस्तवावर तापलं त्याचाच हा धूर म्हणायचा. हेलियम म्हटलं की रत्नागिरी-सिंधुदुर्गकडच्या माणसाला विजयदुर्गावरचा साहेबाचा कट्टा आठवतोच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी तो जोडलेला आहे आणि सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा पहिल्यांदा नजरेत भरली ती त्याच ग्रहणात.

आता एक पाककृतीचा प्रश्न. पुरचुंडीत तांदूळ बांधून सोडले तर शिजतील का? हिमालयात मणिकरणला शिजतात, कारण तिथलं पाणी उकळीच्या जवळ जातं. सत्तर अंशांना तांदळातलं पिष्ट फुगायला जेमतेम सुरुवात होते, भात कच्चट राहतो. अंड्याची गंमत वेगळी. बलक सत्तर अंशांच्या अलीकडेच घट्ट होतो, पांढऱ्या भागाला पुरतं घट्ट व्हायला ८० अंश लागतात. त्यामुळे अशा पाण्यात तासभर ठेवलेलं अंडं आतून शिजलेलं आणि बाहेरून थलथलीत निघेल, घरच्या हाफ बॉइल्डच्या बरोब्बर उलट. जपानी लोक गरम झऱ्यांवर अशी अंडी मुद्दाम करून खातात. उन्हवऱ्याला मात्र हा प्रयोग नको. टरफलं कुंडात टाकून जाणारी माणसं मी पाहिली आहेत.

बाथ: याच बंबाची विलायती आवृत्ती

इंग्लंडमध्ये ज्वालामुखी नाही, तरी बाथ नावाच्या गावात रोज साडेअकरा लाख लिटरहून जास्त गरम पाणी जमिनीतून येतं. तापमान ४६ अंश, उन्हवऱ्यापेक्षा बरंच कमी. यंत्रणा तीच. पाऊस जवळच्या मेंडिप टेकड्यांवर पडतो, चुनखडीच्या भेगांतून अडीच ते चार किलोमीटर खाली जातो आणि चिरेतून वर येतो. या फेऱ्याला काही हजार वर्षं लागतात, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे. तिथे पावसाचं पाणी मुळात दहा अंशांचं. आपलं २७ पासून सुरू होतं. ही सतरा अंशांची सवलत कोकणाला उन्हाने दिलेली.

रोमन लोकांनी पहिल्या शतकात तिथे मंदिर आणि स्नानगृह बांधलं. स्थानिक देवी सुलिस आणि रोमन मिनर्व्हा यांची त्यांनी एक देवी करून टाकली. उगमाच्या गाळात शिशाचे आणि कथलाचे सव्वाशेहून जास्त पत्रे सापडले आहेत. त्यांवर देवीकडे तक्रारी खरडलेल्या: मी न्हात असताना माझा झगा चोरला, चोराला झोप लागू देऊ नकोस. देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्या कोकणी माणसाला हे पत्रे वाचून परकं वाटणार नाही.

अठराव्या शतकात बाथला पुन्हा बहर आला. सगळं श्रीमंत इंग्लंड तिथे हवापालटाला जाऊ लागलं. सकाळी पाण्यात बसायचं, दुपारी पंप रूममध्ये तेच पाणी पेल्याने प्यायचं, रात्री नाच आणि पत्ते. हिंदुस्थानात पैसा करून परतलेले कंपनीचे ‘नबाब’ तिथे घरं घेत. रॉबर्ट क्लाइव्हही बाथच्या ‘सर्कस’ नावाच्या वस्तीत काही काळ राहिला. हाच क्लाइव्ह १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनबरोबर आंग्र्यांचा विजयदुर्ग घ्यायला कोकणात आला होता. त्याच्या आदल्या वर्षी कंपनीच्या आरमाराने हर्णैचा सुवर्णदुर्ग घेतला होता. पुढे दापोलीत इंग्रजांची छावणी पडली, म्हणून जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. थंड हवेसाठी दापोली निवडणाऱ्या साहेबांनी उन्हवऱ्याचं बाथ केलं नाही. कारण उघड आहे. बाथच्या थंडीत गरम पाणी ही चैन. कोकणातल्या एप्रिलमध्ये ती शिक्षा.

अंग हलकं का होतं

आता गुडघेवाल्या पाहुण्याकडे येऊ. कुंडात बसून बरं वाटतं हे खोटं नाही. ऊबेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैलावतात. गळ्यापर्यंत पाण्यात बसलं की पाणी शरीराचा सुमारे नव्वद टक्के भार उचलून धरतं, सांध्यांवरचं ओझं उतरतं. हे दोन्ही परिणाम कुठल्याही गरम पाण्याचे आहेत.

तिसरा परिणाम कमी माहीत आहे. पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे सरकतं. शरीराला वाटतं, अंगात पाणी जास्त झालं. मूत्रपिंडं कामाला लागतात आणि लघवी वाढते. यामागे एक इतिहास आहे. बाथच्या रुग्णालयात अठराव्या शतकापासून हातपाय लुळे पडलेले रुग्ण येत. त्यांतले बरेचजण रंगारी, नळ जोडणारे, म्हणजे शिशाशी काम करणारे. कित्येक महिन्यांच्या स्नानांनंतर यांतले पुष्कळ सुधारत, अशी तिथल्या दप्तरांत नोंद आहे. शंकेखोर लोक ही भाकडकथा समजत. १९८० च्या दशकात ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी माणसांना गळ्यापर्यंत पाण्यात बसवून तपासलं, तेव्हा लघवी खरंच वाढली आणि तिच्यातून जाणारं शिसंही वाढलं. जुन्या वैद्यांचा अनुभव खरा होता, पण श्रेय पाण्यातल्या क्षारांपेक्षा पाण्यात तासन्‌तास बसण्याला जास्त होतं.

त्वचारोगांच्या बाबतीत मी हात राखून बोलेन. क्षार आणि गंधक असलेल्या पाण्याने खाज, खवले यांना काहींना आराम पडतो. पण कुंडावर चार दिवस राहून डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करणं हा वेडेपणा आहे, मग सांगणारा कितीही वडीलधारा असो.

चौकट: कुंडात उतरण्याआधी

• उगमाच्या पाण्यात हात-पाय घालू नका. सत्तर अंशांचं पाणी जेमतेम सेकंदभरात कातडी भाजतं. मुलांचा हात सोडू नका.

• दहा-पंधरा मिनिटं पुरे. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. उठताना सावकाश, चक्कर येते.

• डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. कारण खाली आहे.

• हे पाणी पिऊ नका. गरम झऱ्यांच्या पाण्यात क्षार आणि बरेचदा फ्लोराइड जास्त असतं.

• डिसेंबर-जानेवारीत भल्या सकाळी जा. वाफही दिसते आणि पाणीही सुखाचं वाटतं.

गरम म्हणजे शुद्ध नव्हे

१९७८ मध्ये बाथमधल्या सार्वजनिक स्नानकुंडात पोहलेली एक मुलगी मेंदूज्वराने दगावली. कारण निघालं नेग्लेरिया नावाचा अमिबा. हा सूक्ष्म जीव कोमट ते गरम गोड्या पाण्यात वाढतो, पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकावाटे मेंदूत पोचला तर क्वचितच कोणी वाचतं. बाथची जुनी स्नानं त्यानंतर बंद झाली. खोल नवी भोकं घेऊन, दूषित थर टाळून, पाणी शुद्ध करून वापरण्याची सोय व्हायला बराच काळ गेला आणि नवं स्नानगृह २००६ मध्ये उघडलं. रोमनांच्या जुन्या कुंडाकाठी आज पर्यटक नुसते उभे राहतात. पाण्याला हात लावू नका, अशी पाटी आहे.

उन्हवऱ्याच्या उगमाशी, सत्तर अंशांना, हा अमिबा तग धरू शकत नाही. प्रश्न निवलेल्या कुंडांचा. चाळिशीतलं साचलेलं पाणी त्याला मानवतं. म्हणून कुंडातलं पाणी सतत वाहतं असणं, शेवाळ खरवडून काढणं आणि साबण-शाम्पू बाहेर ठेवणं या वरवर किरकोळ गोष्टी खऱ्या महत्त्वाच्या. हा आजार फार विरळा आहे, तेव्हा घाबरून परत फिरायचं कारण नाही. नाक पाण्याच्या वर ठेवायचं, एवढंच.

तोटी बुजली तर

१८१० मध्ये बाथचा एक झरा अचानक आटला. गावाचं पोट त्याच्यावर, तेव्हा घबराट उडाली. विल्यम स्मिथ नावाच्या भूशास्त्रज्ञाला बोलावलं. इंग्लंडचा पहिला मोठा भूशास्त्रीय नकाशा काढणारा हाच तो. त्याने झऱ्याच्या तोंडाशी खणून पाहिलं तर पाणी संपलेलं नव्हतंच. त्याने वाट बदलली होती आणि ते भलतीकडेच वाहत होतं. वाट बांधून काढल्यावर झरा पूर्ववत झाला. या प्रकारच्या धास्तीमुळे बाथमध्ये आज ठरावीक खोलीपलीकडे जमीन खणायची तर परवानगी लागते. १९८२ च्या कायद्यात तशी तरतूद आहे.

कोकणात बोअरवेल खणणाऱ्याला अशा परवानगीचं कोणी विचारत नाही. आंब्याच्या बागेसाठी, रिसॉर्टसाठी, बंगल्यासाठी दीडशे-दोनशे फूट खोल भोक सहज घेतलं जातं. ते झऱ्याच्या चिरेला लागलं तर दाब तिथून निसटतो आणि कुंडाचं पाणी घटतं. जवळच्या बोअरने वरचं गार भूजल उपसलं तरी खालच्या-वरच्या पाण्याचा तोल बदलतो.

राजापूरच्या गंगेशी गरम झऱ्यांची गल्लत इथे करू नये. गंगा गार पाण्याची आणि येऊन-जाऊन असणारी. ती नाहीशी होणं हा तिचा रिवाज आहे. उन्हाळे, तुरळ, उन्हवरे बारमाही आहेत. तिथे बदल दिसला तर तो नोंदवण्यासारखा असतो, आणि नोंदवायला थर्मामीटर, बादली आणि घड्याळ पुरतं. बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाहायचं आणि तापमान घ्यायचं, दर महिन्याला, उगमाशी एकाच जागी. धार तेवढीच आणि तापमान उतरलं, तर वरचं गार पाणी आत शिरतं आहे. पावसाळ्यात थोडं उतरणं साहजिक, पण ते दिवाळीनंतरही उतरलेलंच राहिलं तर चिरेच्या वरच्या टोकाशी कुठेतरी फट पडली आहे. तापमान तेच आणि धार बारीक, तर पाण्याने स्मिथच्या झऱ्यासारखी वाट बदलली आहे किंवा कोणीतरी मधेच ते ओढतो आहे. दोन्ही एकदम उतरत चालले, तर पाणी चिरेतून हळू चढतं आहे. चीर क्षारांनी बुजते आहे किंवा खालचा दाब कमी होतो आहे, आणि अशा वेळी आसपास नवं बोअर कुठे पडलं, ते आधी शोधावं.